मेंढ्यांचा निळ्या जिभेचा रोग: नव्याने कळप घेणाऱ्यांनी काय करायचं

शेतीला जोड म्हणून किंवा नोकरी सोडून शेळी-मेंढीपालनात उतरणाऱ्यांना पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी), आंत्रविषार, लाळ्या-खुरकूत या रोगांची नावं पहिल्या महिन्यातच पाठ होतात. ब्लूटंग, म्हणजे निळ्या जिभेचा रोग, मात्र बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास, कळपातल्या चार मेंढ्या तोंड सुजवून, लाळ गाळत उभ्या राहिल्यावर. मग धावपळ सुरू होते. आजारी मेंढ्या वेगळ्या काढल्या जातात, गोठ्यात चुना टाकला जातो, कुणी सांगेल ते इंजेक्शन दिलं जातं, आणि तरी आठवड्याभराने कळपाच्या दुसऱ्या टोकाला नवी मेंढी आजारी पडते.

असं का होतं, ते आधी समजून घ्या. हा रोग एका मेंढीकडून दुसरीकडे श्वासातून किंवा लाळेतून जात नाही. तो नेतात रक्त पिणारी बारीक चिलटं. शास्त्रीय नाव क्युलिकॉईड्स, लांबी 1 ते 3 मिलिमीटर. आजारी मेंढी पत्र्याच्या पलीकडे बांधली तरी चिलटाला पत्रा आडवा येत नाही. म्हणून या लेखात औषधांपेक्षा चिखलाबद्दल जास्त वाचायला मिळेल.

भारतात या रोगाची पहिली नोंद 1964 सालची, आणि ती महाराष्ट्रातलीच. तेव्हापासून आंध्र, तेलंगणा, कर्नाटक आणि तमिळनाडूतल्या मेंढपाळांनी याचा मार सगळ्यात जास्त खाल्ला आहे. पुढे 2006 मध्ये हा रोग थेट नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनीत उगवला, जिथे तोवर असं काही होईल अशी कुणाला धास्ती नव्हती. 2011 मध्ये जर्मनीतल्या श्मालेनबर्ग गावाच्या नावाने ओळखला जाणारा एक पूर्ण नवा विषाणू सापडला. त्याने गाभातल्या कोकरांचे हातपाय आणि मान वाकडी केली. 2020 मध्ये थायलंडमध्ये आफ्रिकन हॉर्स सिकनेसने 500 हून जास्त घोडे मेले, आणि 2023 मध्ये नेदरलँड्समध्ये ब्लूटंग वेगळ्या प्रकाराचं रूप घेऊन परत आला. रोग वेगवेगळे, वाहक मात्र हीच चिलटं. ऊब वाढली की चिलटाच्या अंगात विषाणू लवकर पिकतो. साधारण 25 ते 28 अंशांना आठ-दहा दिवसांत चिलट रोग पसरवायला तयार होतं. 12 ते 15 अंशांच्या खाली मात्र विषाणू चिलटाच्या अंगात वाढतच नाही म्हटलं तरी चालेल. आपल्याकडे दिवाळीपर्यंत हवा नेमकी त्याला मानवेल अशी असते.

पहिलं काम: गोठ्याभोवती एक फेरी

पाऊस उघडला की सकाळी बूट घालून गोठ्याभोवती फिरा. गाईंच्या गोठ्यामागचा शेण-मुताचा ओहोळ, उकिरड्याच्या कडेचा ओला पट्टा, पाण्याचा हौद भरून वाहतो ती जागा, शेततळ्याची चिखलट कड, पाइपलाइनच्या गळक्या जोडाखालचा खळगा. चिलटं साचलेल्या स्वच्छ पाण्यापेक्षा अशा शेण मिसळलेल्या ओल्या मातीत जास्त वाढतात. डासांसाठी टायर आणि डबे उलटे करायची सवय आपल्याला आहे. इथे नजर चिखलावर हवी.

चिखल उकरून त्यात अळी शोधत बसू नका, ती ओळखणं तुमचं काम नाही. ओल मोडा. हौदाच्या सांडव्याखाली शोषखड्डा घ्या, खळग्यात मुरूम भरा, मूत वाहून जायला उतार द्या. उकिरडा गोठ्यापासून लांब न्या, ते जमत नसेल तर निदान प्लास्टिकच्या कागदाने झाका आणि कडेची गळती बंद करा. अंड्यापासून पूर्ण चिलट व्हायला उबदार हवेत दोन-तीन आठवडे पुरतात, म्हणून ही सफाई पावसाळ्यानंतर एकदाच करून भागत नाही. दर दहा-बारा दिवसांनी एक फेरी मारा. सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ सगळ्यात वाईट.

कळप घेऊन फिरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. दुसऱ्याच्या शेतात मेंढ्या बसवायच्या, रात्री वाघर (मेंढ्या कोंडायची जाळी) लावायची, तिथला चिखल तुम्ही काढणार कसा? पण जागा निवडणं तुमच्या हातात असतं. नदी-ओढ्याच्या काठापेक्षा, भातखाचरापेक्षा आणि पाणी दिलेल्या उसाच्या फडापेक्षा माळावरची, वारा लागणारी उंच जागा बरी. शेतमालक खताच्या लोभाने ओलं वावर दाखवेल. अशा वेळी दोन पैसे कमी घेऊन कोरडं वावर मागा.

दुसरं काम: संध्याकाळ सांभाळणं

चावते ती फक्त मादी, आणि चावण्याची तिची मुख्य वेळ दिवस मावळताना, रात्री आणि पहाटे उजाडताना. भर उन्हात ती सहसा दिसत नाही. तेव्हा मेंढ्या सूर्य मावळायच्या आधी छपराखाली आल्या पाहिजेत. हिरवं गवत दिसतंय म्हणून सातपर्यंत ओढ्याकाठी चारत राहणं या महिन्यांत अंगाशी येतं.

चिलट उडण्यात दुबळं असतं. ताशी दहा किलोमीटरच्या वर वारा असला की त्याचं बसणं-चावणं अवघड होतं. म्हणून बंदिस्त गोठ्यात संध्याकाळी मोठा पंखा लावणं हा मला सगळ्यात स्वस्त आणि कमी कटकटीचा उपाय वाटतो. वारा थेट मेंढ्यांच्या अंगावरून जाईल असा लावा, छताकडे नको. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर जुने लोक करतात आणि त्याने काही वेळ चिलटं दूर राहतातही. पण बंद गोठ्यात धूर कोंडला तर आधीच सर्दी झालेल्या मेंढीचं फुफ्फुस जास्त बिघडतं. धूर गोठ्याच्या बाहेर, वाऱ्याच्या अंगाला करा.

जाळीबद्दल एक सांगायलाच हवं. दुकानात मिळणारी साधी मच्छरदाणी या चिलटांना रोखत नाही. तिच्या भोकातून ती आरपार जातात. अगदी बारीक विणीची जाळी हवी, आणि तशी जाळी लावली की गोठ्यात हवा कोंडते. लहान कळपाच्या, चांगल्या किमतीच्या पैदाशीच्या नरासाठी हा खर्च परवडतो, बाकी कळपासाठी नाही.

गोठ्याच्या भिंतींवर डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनची फवारणी, आणि मेंढ्यांच्या अंगावर डॉक्टरांनी सांगितलेलं औषध, याने चावे कमी होतात, बंद होत नाहीत. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं, तेवढंच घ्या. पिकावर मारायचं तेच औषध स्वस्तात मिळतं म्हणून जनावराच्या अंगावर मारू नका. उरलेलं पाणी ओढ्यात किंवा शेततळ्यात ओतू नका, मासे मरतात.

गाई-म्हशी शेजारीच असतील तर लक्षात ठेवा: त्यांना हा विषाणू लागतो, पण आपल्याकडे त्या सहसा आजारी दिसत नाहीत. पशुव्यापाराचे आंतरराष्ट्रीय नियम लागण झालेल्या जनावराला 60 दिवस धोकादायक धरतात. चिलटांना गाईचं रक्त जास्त आवडतं, आणि तिथून ती मेंढीवर येतात. गोठा एकच असेल तर निदान मधे अंतर ठेवा. गाईंना वारा कमी लागतो तिथे आणि मेंढ्यांना पंख्याजवळ बांधा.

तिसरं काम: लस, तीही पावसाच्या आधी

विषाणूचे चोवीसपेक्षा जास्त प्रकार आहेत आणि एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला धड थोपवत नाही. म्हणून आपल्याकडे पाच प्रकारांची एकत्र लस आहे: 1, 2, 10, 16 आणि 23. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या ब्लूटंगवरच्या अखिल भारतीय प्रकल्पातून ती तयार झाली. त्यात विषाणू निष्क्रिय केलेला असतो, त्यामुळे लसीतून रोग होण्याची भीती नाही. काही देशांत जिवंत, सौम्य केलेल्या विषाणूची लस वापरतात. ती गाभण मेंढीला धोक्याची असते. इंटरनेटवर तिच्याबद्दल वाचून आपल्या लसीला घाबरणारे मला भेटले आहेत.

पहिल्या वर्षी साधारण महिन्याच्या अंतराने दुसरी मात्रा लागते, आणि पूर्ण संरक्षण मिळायला त्यानंतरही वेळ जातो. सप्टेंबरच्या आत ढाल तयार हवी तर मे-जूनमध्ये सुरुवात करावी लागते. नेमकं वय, मात्रा आणि अंतर बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे डॉक्टर ठरवतील. आंत्रविषाराची लसही याच सुमारास येते. दोन्ही एकाच दिवशी द्यायच्या की अंतर ठेवायचं, हे त्यांनाच विचारा. सरकारी दवाखान्यात ही लस प्रत्येक वेळी हाताशी असतेच असं नाही, म्हणून एप्रिलमध्येच चौकशी करा.

लस नेताना बर्फात बुडवू नका. 2 ते 8 अंश हवेत, गोठलेली लस वाया जाते. थर्मासमध्ये बर्फाच्या पिशवीला कागद गुंडाळा आणि मग बाटली ठेवा. आजारी, ताप असलेल्या मेंढीला टोचू नका. रोग कळपात शिरल्यावर सगळ्यांना घाईने टोचण्यात फारसा अर्थ नाही, कारण काहींच्या अंगात तो आधीच असतो.

चौथं काम: मेंढी निरखायला शिकणं

सकाळी कळप सोडताना मेंढ्या चालताना बघा. थर्मामीटरचा उपयोग आधी चार धडधाकट मेंढ्यांवर करून ठेवा. सकाळच्या गारव्यात साधारण 102 ते 103.5 अंश फॅरनहाइट दिसेल. या रोगात तो 105 ते 107 पर्यंत जातो. पहिल्या एक-दोन दिवसांत फक्त ताप आणि मरगळ असते. मग नाकातून पाणी, नंतर घट्ट शेंबूड, तोंडाला फेस, आणि ओठ, चेहरा, कधी कान सुजतात. सुजल्यामुळे मेंढीचा चेहरा ओळखू येत नाही.

तोंड बघायचं असेल तर मेंढीला ढुंगणावर बसवा, पाठ तुमच्या पायांना टेकू द्या, आणि वरचा ओठ उचला. वरच्या जबड्याला पुढे दात नसतातच, तिथे नुसती कडक गादी असते. नवा माणूस 'दात पडले' म्हणून दचकतो, तुम्ही दचकू नका. त्या गादीवर, हिरड्यांवर, गालांच्या आतल्या बाजूला आणि जिभेखाली लालसर ठिपके, खरचटल्यासारखे व्रण आहेत का ते बघा. आपली दख्खनी मेंढी बहुतेक काळी, तिची जीभ आणि ओठही काळपट. त्यात निळेपणा कसा दिसणार? खरं तर जीभ निळी पडणं हे लक्षण थोड्याच मेंढ्यांत दिसतं, त्याची वाट बघत बसू नका. त्याऐवजी पापणीच्या आतली बाजू आणि हिरडीचा फिकट भाग बघा.

मग पाय. खूर पाण्याने धुवा आणि खूर जिथे केसाळ कातडीला मिळतो ती रेघ बघा. तिथे लाल-जांभळा पट्टा असेल किंवा हाताला गरम लागत असेल, तर शंका बळावते. अशी मेंढी पाठ कमानदार करून जपून चालते किंवा गुडघ्यांवर चरते. काहींची मान एका बाजूला वळलेली राहते.

आता गोंधळ उडवणारे दुसरे रोग. लाळ्या-खुरकूतमध्येही तोंड आणि पाय दोन्ही धरतात, पण तिथे फोड येऊन फुटतात आणि शेजारच्या गाई-बैलांनाही ते दिसतात. पीपीआरमध्ये जुलाब, डोळ्यांतून घाण आणि खोकला जास्त, आणि मेंढीपेक्षा शेळीला जास्त भोवतो. ब्लूटंग याच्या बरोबर उलट, शेळीला बहुधा हलकाच जातो. मावा (ओठांवर खपल्या आणणारा रोग) झालेल्या कोकराच्या तोंडावर खरखरीत खपल्या असतात, ताप फारसा नसतो. देवीत केस नसलेल्या जागी, काखेत आणि शेपटीखाली गाठी येतात.

यादी पाठ केली तरी निदान तुम्ही करू नका. पीपीआर आणि लाळ्या-खुरकूत स्पर्शाने पसरतात, म्हणून खात्री होईपर्यंत आजारी मेंढी वेगळीच ठेवायची. ब्लूटंग ठरला की वेगळं ठेवण्याचा हेतू बदलतो: तिला सावली, मऊ चारा मिळावा आणि चिलटं तिच्यापर्यंत पोचू नयेत, एवढाच.

पाचवं काम: फोन आणि रक्त

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. फिरत्या पथकासाठी 1962 वर फोन लागतो. ही ऐच्छिक गोष्ट नाही: प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम 2009 च्या यादीत ब्लूटंग आहे, आणि संशय आला की मालकाने गाव अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं असतं. बाजारात बदनामी होईल म्हणून लपवणारे असतात. त्यांच्यामुळे शेजारच्या वाड्याला लस घ्यायला वेळ मिळत नाही.

डॉक्टर रक्त घेतील तेव्हा जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलेलं, न गोठलेलं रक्त विषाणू शोधायला लागतं. ते थंड ठेवायचं, पण बर्फ करायचं नाही. विषाणू तांबड्या पेशींना चिकटून असतो आणि गोठवलं की त्या फुटतात. ताप असतानाच घेतलेलं रक्त सगळ्यात उपयोगी, म्हणून चार दिवस घरगुती उपाय करून मग फोन करणं महागात पडतं. नमुने पुण्याच्या औंधमधल्या रोग अन्वेषण विभागाकडे जाऊ शकतात. मेंढी मेली तर शवविच्छेदनाचा आग्रह धरा. हृदयातून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिनीच्या मुळाशी रक्ताचा डाग दिसला तर तो या रोगाचा मोठा पुरावा. विमा असेल तर कानातला बिल्ला आणि हे कागद दोन्ही लागतात. मेलेली मेंढी ओढ्यात टाकू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

शुश्रूषा

विषाणूवर औषध नाही. मेंढी जगते ती शुश्रूषेवर, आणि खरी लढाई तोंडाच्या जखमांशी असते. ती भुकेली असते पण चावता येत नाही. कोवळा पाला, मऊ भिजवलेलं आंबोण, पातळ पेज थोडी थोडी समोर ठेवा. तोंड पोटॅशियम परमँगनेटच्या अगदी फिकट गुलाबी पाण्याने किंवा तुरटीच्या पाण्याने दिवसातून दोनदा धुवा, नंतर बोरिक पावडर ग्लिसरीनमध्ये कालवून लावा. सावली ही औषधाइतकीच गरजेची, उन्हाने ओठांची आणि खुरांची सूज वाढते. खाली कोरडा भुसा किंवा गवत अंथरा.

जोराने पाणी पाजू नका. घसा सुजलेल्या किंवा गिळता न येणाऱ्या मेंढीच्या तोंडात बाटली ओतली की पाणी फुफ्फुसात जातं आणि मेंढी रोगाने नाही, न्यूमोनियाने मरते. सलाईन डॉक्टरांकडून शिरेतून दिलं जाऊ द्या. प्रतिजैविक विषाणूला मारत नाही, मागाहून येणाऱ्या न्यूमोनियासाठी ते देतात. ताप-वेदनेला डॉक्टर बहुधा मेलॉक्सिकॅम देतील. कुणी डायक्लोफेनॅक घेऊन आला तर नको म्हणा. गिधाडांच्या मरणामुळे जनावरांसाठी ते 2006 पासून बंद आहे.

आजारातून उठलेली मेंढी लगेच भरत नाही. महिन्याभराने लोकर पुंजक्यापुंजक्याने गळते, वजन परत यायला वेळ लागतो. गाभण मेंढ्या गाभ टाकू शकतात. मेंढ्याचं वीर्य काही काळ बिघडतं आणि त्यातून विषाणूही जाऊ शकतो, त्यामुळे आजारातून उठलेला नर निदान दोन महिने कळपात सोडू नका.

बाजारातून नव्या मेंढ्या आणायच्या असतील तर आटपाडी किंवा लोणंदच्या बाजारातली धडधाकट दिसणारी मेंढीही रक्तात विषाणू घेऊन येऊ शकते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खरेदी टाळता आली तर टाळा. आणलीच तर महिनाभर वेगळी, संध्याकाळी छपराखाली. मेरिनो, राम्बुले अशा विदेशी रक्ताच्या मेंढ्यांना हा रोग देशीपेक्षा जोरात लागतो. संकरित कळप घेणाऱ्यांनी लसीच्या बाबतीत काटकसर करू नये.

गोठ्यात गाईही असतील तर

याच दिवसांत गाई-बैलांना तिवा, म्हणजे तीन दिवसांचा ताप, होतो. त्याचा विषाणू वेगळा, तो डास आणि चिलटं दोघांकडून पसरतो. एकदम भरपूर ताप, दूध आटतं, आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडतं, आणि जड, जास्त दुधाची गाय बसली की उठत नाही. बहुतेक जनावरं तीन दिवसांत बरी होतात, मरतात थोडीच. पण इथेही गिळण्याची ताकद गेलेली असते, म्हणून गूळ-पाणी, तेल, काढा असलं काही जबरीने पाजू नका. बसलेल्या गाईला दर काही तासांनी कूस बदलून द्या, खाली मऊ अंथरा, कॅल्शियम डॉक्टरांना शिरेतून देऊ द्या. चौथ्या दिवशी बैल उठून चरायला लागला तरी त्याला लगेच जुवाखाली घेऊ नका. स्नायू अजून सावरलेले नसतात, आणि ताण पडला की जनावर पुन्हा बसतं. आठवडाभर रिकामं राहू द्या.